सात नंबरची पांढरी पूड

माघ संपायला आला की बुलडाण्यात वारा बदलतो. घाटाखालून कोरडी झुळूक वर येते, सोंगलेल्या हरभऱ्याचा आंबूस वास सोबत आणते, आणि खिडकीची फळी दिवसभर आपटत राहते. मी ती तीनदा लावते, तीनदा उघडते. शेजारच्या घरातली मुलगी या दिवसांत गच्चीवर येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करते. परवा तिच्या तोंडून ‘अल्डिहाइड, कीटोन, कार्बोक्सिलिक’ असं कानावर आलं आणि माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. पोळ्या करायच्या होत्या, पीठ मळलेलं होतं. मी मात्र ओट्याशी उभी राहून तिची चूक शोधत होते. तिनं एक क्रम उलटा म्हटला होता.

आमच्या वेळी दहावीनंतरची अकरावी-बारावी महाराष्ट्रात नुकतीच आली होती. मेहकरच्या एका शाळेनं विज्ञानाचा वर्ग काढला आणि आम्ही त्याची पहिली तुकडी. मी लोणारहून एसटीनं जायची. घरी भाजीपाल्याचं शेत, विहिरीवर इंजिन. वर्गात मुली दोनच, मी आणि कुसुम. तिचे वडील मेहकरलाच कारकून होते. उंचीनं माझ्याएवढी, अक्षर माझ्यापेक्षा फार सुंदर, आणि बोलणं इतकं हळू की शिक्षक तिला दोनदा विचारायचे. दोघी एका बाकावर बसायचो, प्रयोगाच्या टेबलाशी मात्र समोरासमोर.

रसायन शिकवायला वानखडे सर होते. नोकरी तात्पुरती, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. खामगावकडचे. पुस्तक इंग्रजीत आणि आमची सगळ्यांची दहावी मराठीतली, म्हणून सर आधी इंग्रजी ओळ वाचत, मग पुस्तकी मराठीत अर्थ सांगत, आणि तरीही आमची तोंडं कोरीच दिसली की वऱ्हाडीत उतरत. कार्बनला चार हात असतात आणि तो एकही हात रिकामा ठेवत नाही, हे त्यांनी वऱ्हाडीत सांगितलं तेव्हा कुठे मला समजलं.

रेणूंचे सांगाडे दाखवायला शाळेकडे काही नव्हतं. सरांनी एक दिवस मला विचारलं, तुमच्या मळ्यात काय काय आहे. दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर लहान वांगी, थोडी भेदरं म्हणजे टमाटे, आणि ओटीत हिरवी बोरं घेऊन आले. एका मुलानं तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या आणल्या. वांगं म्हणजे कार्बन, भेदरं म्हणजे ऑक्सिजन, बोर म्हणजे हायड्रोजन. तुराट्या खोचून सरांनी मिथेन केला, अल्कोहोल केलं, ॲसिटिक आम्ल केलं. मुलं हसत होती. सर हसले नाहीत. टेबलाच्या उंचीवर डोळे नेऊन ते तुराटीचा कोन पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. तिसऱ्या दिवशी वांगी सुकली, कोन खाली आले, तरी आठवडाभर कुणी ते फेकलं नाही.

त्या वर्षी माझं चित्त दुसऱ्या कशातच लागत नव्हतं. वाफ्यांना पाणी लावताना मी इंजिनाच्या टकटकीवर रूपांतरं पाठ करी. मिथेनपासून इथेन, इथेनपासून इथिल अल्कोहोल, अल्कोहोलपासून आम्ल. एका पदार्थातून दुसरा करायचा, आणि मधली वाट आपण शोधायची. एकदा अशीच वाट शोधत असताना बारं, म्हणजे पाटाचं मातीनं बांधलेलं तोंड, फुटलं आणि सगळं पाणी मेथीत शिरलं. बा धावत आला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यानं फावड्यानं माती ओढून बारं बांधलं आणि विचारलं, “कायचं काय होऊन राह्यलं होतं आता?”

मी सांगितलं, दारूचं व्हिनेगर. बा म्हणाला, त्यात शिकायचं काय, मोहाची उघडी ठेवली की आंबतेच. मी म्हटलं, आंबते कशी ते शिकायचं. दुसऱ्या दिवशी पाणी त्यानं स्वतः लावलं आणि मला बांधावर पुस्तक घेऊन बसवलं. आमच्या घराण्यात बांधावर बसून कुणी पुस्तक वाचलेलं नव्हतं. येणारे-जाणारे पाहत जायचे, आणि मला बसल्या जागी कुणीतरी बघतंय असं वाटत राहायचं. चार ओळी वाचून मी उठायची, चालायची, पुन्हा बसायची.

प्रयोगशाळा म्हणजे शाळेची जुनी सामानाची खोली. नळ नव्हता, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम. गॅस नव्हता, स्पिरिटचे दिवे. सल्फाइडची परीक्षा करताना सडक्या अंड्याचा वास सुटला की मुलं नाकाला रुमाल लावत. सर माझ्याकडे बघून म्हणायचे, लोणारच्या पोरीले हा वास नवा नाही. खरंच नव्हता. उन्हाळ्यात वारा फिरला की आमच्या तळ्याकडून तो घरापर्यंत यायचा.

सेंद्रिय पृथक्करणात मला सगळ्यात जास्त आवडायचं ते सोडियमचं काम. रॉकेलात बुडवून ठेवलेला तो मऊ धातू सर चाकूनं कापत, वाटाण्याएवढा तुकडा प्रत्येकाला देत. बारीक काचनळीत तो आणि आपली अनोळखी पूड घालायची, दिव्यावर नळी लाल होईतो धरायची, आणि तशीच शुद्ध पाण्यात बुडवायची. नळी चट्कन फुटते. ते पाणी गाळून घेतलं की पदार्थाच्या पोटात काय आहे ते त्यात उतरलेलं असतं. नुसता नायट्रोजन असेल तर फेरिक क्लोराइडनं गर्द निळा रंग येतो. नायट्रोजन आणि गंधक दोन्ही एकत्र असतील तर रक्तासारखा लाल.

सरांचा एकच हट्ट होता. कुणी वहीत आधी पदार्थाचं नाव लिहून मग परीक्षा जुळवलेल्या दिसल्या की ते पान फाडत. ते म्हणायचे, नळीनं सांगितलं ते लिहा. मी सांगतो ते नाही, पुस्तक सांगते ते नाही. एकदा कुसुमच्या वहीतलं इतक्या देखण्या अक्षरातलं पान त्यांनी फाडलं. ती रडली नाही. मधल्या सुट्टीत तिनं पुन्हा सगळ्या परीक्षा केल्या.

मग फेब्रुवारी आला आणि सरांचं काहीतरी बिघडलं. शिकवता शिकवता ते खिडकीपाशी जाऊन उभे राहत. खडू हातात तुटायचा. आम्हाला कळलं ते असं, की पहिल्या तुकडीचा निकाल चांगला लागला नाही तर विज्ञानाचा वर्ग बंद करायचा असं शाळेच्या मंडळींनी ठरवलं होतं. वर्ग बंद म्हणजे सरांची नोकरीही बंद. हे आम्हाला कुणी मुद्दाम सांगितलं नाही. गावात अशा गोष्टी दुकानाच्या ओट्यावर बसूनच कळतात.

माझ्या घरीही बोलणी चालू होती. मायचं म्हणणं, पोरगी बारावी झाली की पुरे. बाचं म्हणणं, चांगले मार्क पडले तर औरंगाबादेला पाठवू, नाही पडले तर तू म्हणशील तसं. हे दोघं माझ्यासमोरच बोलत, जणू मी वाफ्यातलं वांगं आहे. मी उठून विहिरीवर जायची, परत यायची, पाणी नसतानाच कळशी उचलायची.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पळस फुलला होता. लोणार ते मेहकर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसता केशरी रंग, आणि मला त्याकडे बघवत नव्हतं. बाहेरचे परीक्षक आदल्या दिवशीच आले होते. वयस्क, पांढरा शर्ट, फार कमी बोलणारे. आम्ही दाराबाहेर उभ्या असताना ते खोलीत एकटेच होते आणि बाटल्यांचा आवाज येत होता. मग आत बोलावलं. चिठ्ठ्या उचलायला लावल्या. मला सात नंबर आला, कुसुमला अकरा.

सात नंबरच्या बाटलीत पांढरी पूड. बारीक, चमकणारी. मी सुरुवात केली. पाण्यात विरघळते. तापवली की वितळते. मी सोडियमची नळी दिव्यावर धरली. स्पिरिटच्या दिव्यावर ती लाल व्हायला फार वेळ घेते. तेवढ्यात सर दिव्यांच्या वाती बघत रांगेतून आले. माझ्या दिव्याशी वाकले, वात थोडी वर सरकवली, आणि ओठ न हलवता म्हणाले, “युरिया.”

मग समोर गेले, कुसुमच्या दिव्याशी वाकले. तिथेही तोच शब्द. मला त्यातलं शेवटचं ‘रिया’ तेवढं ऐकू आलं, आणि तिची मान किंचित हलली ते दिसलं.

सात आणि अकरा या बाटल्यांत युरिया आहे हे सरांना माहीत होतं, कारण आठवडाभर आधी त्या त्यांनीच भरल्या होत्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. युरिया तर आमच्या घरातला. पोत्यानं यायचा, मी मुठीमुठीनं वांग्यांना टाकलेला. परीक्षा पाठ, रचना पाठ. वर्षभर जे पान फाडत होते त्यांनीच पान भरून दिलं होतं. पण मला राग आला. कुणाचा ते अजून सांगता येत नाही.

नळी लाल झाली. पाण्यात बुडवली. फुटली. घोटलं, गाळलं, फेरस सल्फेट घालून उकळलं, आम्ल टाकलं, फेरिक क्लोराइडचे दोन थेंब सोडले. आणि नळीत निळं यायच्या जागी लाल आलं. खालपासून वरपर्यंत, गर्द, शंकेला जागाच नाही असं.

मी पुन्हा केलं. पुन्हा लाल. मग युरियाची खास परीक्षा केली, त्यात जांभळा रंग यायला हवा, तो आला नाही. गंधकाची वेगळी परीक्षा केली, ती आली. म्हणजे हा युरिया नव्हताच. युरियाच्या रेणूत जिथे ऑक्सिजन असतो तिथे गंधक बसलेलं, थायोयुरिया. दिसायला तसाच पांढरा. सकाळी दाराआडून आलेला बाटल्यांचा आवाज मला तेव्हा आठवला. परीक्षकांनी युरियाच्या आणि थायोयुरियाच्या बाटल्यांचे नंबर आपसांत बदलले होते आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या समोर कुसुम होती. दोन हातांवर. सरांनी दोघींना एकच नाव सांगितलं होतं, तेव्हा तिच्याही बाटलीत हेच असणार, हे मला त्या क्षणी समजलं होतं. एक शब्द पुरला असता. खोकला पुरला असता. मी मान खाली घातली आणि लिहायला लागले. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की परीक्षा होती, बोलणं चूक होतं, परीक्षक बघत होते. हे सगळं खरं आहे. पण त्याखाली आणखी एक होतं. मला एकटीला बरोबर यायचं होतं. औरंगाबादेच्या वाटेवर एकच माणूस मावेल असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पेपर दिला आणि बाहेर पडले.

दुपारी मी एसटी स्टँडवर लोणारच्या गाडीची वाट बघत होते. सर सायकल हातात धरून आले. परीक्षकांना जेवायला पोहोचवून आले होते, आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं की त्यांना आता कळलेलं आहे. त्यांनी सायकल बाकाला टेकवली, बसले नाहीत. काय लिहिलंस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, थायोयुरिया.

“मी सांगतलं ते काऊन नाही लिहिलं?”

“लाल आलं, सर.”

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. एखादा आपला मुलगा परक्या गावी भेटावा तसं काहीसं त्यांच्या तोंडावर आलं आणि गेलं. मग त्यांनी विचारलं, कुसुमनं काय लिहिलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

गाडी आली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ते जवळ येऊन म्हणाले, “मी सांगतलं होतं हे कोनाले सांगू नको.”

विनवणी होती ती. वर्षभर आमच्यासमोर ताठ उभा राहिलेला माणूस एका सतरा वर्षांच्या मुलीला विनवत होता. मी हो म्हटलं आणि आत जाऊन पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसले, म्हणजे ते दिसू नयेत. घरी मायनं हुळा भाजून ठेवला होता, ओल्या हरभऱ्याचे काळे पडलेले घाटे. पेपर कसा गेला, तिनं विचारलं. चांगला, मी म्हटलं. हात काळे होईतो मी घाटे सोलत राहिले आणि एकही दाणा तोंडात टाकला नाही.

निकाल लागला. मला रसायनात चांगले मार्क मिळाले. बा शब्दाला जागला, मला औरंगाबादेला पाठवलं. कुसुम रसायनात थोड्याशा मार्कांनी गेली. ऑक्टोबरात पुन्हा बसली, पास झाली, पण तोवर विज्ञानाच्या प्रवेशाचं वर्ष निघून गेलं होतं. ती मास्तरकीच्या शिक्षणाला गेली आणि पुढे हिवरा आश्रम गावाच्या बाजूला प्राथमिक शाळेत लागली. सरांची नेमणूक पुढच्या वर्षी झाली नाही. ते खामगावला परत गेले असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं खतांच्या दुकानात बसतात. मी कधी शोध घेतला नाही.

मी पुढे माती तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. शेतकरी कापडी पिशवीत मूठभर माती बांधून आणायचे आणि टेबलाशी उभे राहायचे, जणू मी त्यांच्या लेकराची नाडी बघते आहे. कधी कुणी म्हणायचा, बाई, जरा चांगलं लिहा, कर्जाच्या कागदाला लावायचं आहे. मी नळीनं सांगितलं तेच लिहिलं. लोक मला कडक म्हणायचे. त्यात काही थोरपणा नव्हता. ज्या दिवशी मी खरं लिहिलं त्याच दिवशी मी एक खरं गिळलंही होतं, आणि या दोहोंची वजाबाकी मला कधी जमली नाही. दर फेब्रुवारीला तेवढी उलघाल व्हायची. मग चैत्र लागायचा आणि विसरायचं.

गेल्या वर्षी विसरलं नाही. मी कुसुमचा पत्ता काढला आणि एका सकाळी हिवरा आश्रमच्या गाडीत बसले.

ती ओट्यावर सुपात तूर घेऊन बसली होती. केस पांढरे, चष्मा जाड. मला ओळखायला तिला क्षण लागला नाही. आत नेलं, पाणी दिलं, मुलांचं, नातवंडांचं सांगितलं. आवाज अजून तसाच हळू. मी तासभर इकडचंतिकडचं बोलत राहिले. मग म्हटलं, तुला एक सांगायला आले आहे. आणि सगळं सांगितलं. सात नंबर, अकरा नंबर, लाल रंग, मी खाली घातलेली मान. तिच्या हातात अजून सूप होतं. ती खडे वेचत होती.

“माह्याही नळीत लालच आलं होतं वं,” ती म्हणाली.

मग युरिया का लिहिलंस, मी विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि आठवून आठवून सांगितलं. दोनदा केलं, दोनदा लाल आलं. पण सरांनी सांगितलं होतं. सर चुकतील असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

“मले वाटलं, माही नळी नीट धुतलेली नसंल.”

ती जराशी हसली. मी म्हटलं, कुणाला विचारायचंस तरी. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला खाली बघावंसं वाटलं, पण मी मान खाली घातली नाही.

“कोनाले इचारू? मी तुह्याकडंच पाहून राह्यली होती. तू एकदा मान वर केली असती, तर म्या लाल लिहिलं असतं.”

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. ती सूप घेऊन पुन्हा खडे वेचायला लागली. मी तिच्याजवळ सरकले आणि सुपाच्या दुसऱ्या कडेनं वेचायला लागले. चष्मा घरी राहिला होता, मला खडे दिसत नव्हते. ती वेचायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. साडेचारची एसटी गेल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. त्यानंतरची साडेपाचला होती. तीही मी जाऊ दिली, आणि का थांबलीस, हे कुसुमनं विचारलं नाही.